म्हणं, गाडी टायमात!

...आन् त्यो राजवर्धन पुढारी माईक धरून काय बोलला, म्हायताय? "सिद्धूअण्णांनी तीस वर्सांत आष्टा-कुंडल गाडीला कवा पाच मिनिटं उशीर केला न्हाई!" आवं, रक्षाविसर्जनाला आलेली माणसं एकमेकांची तोंडं बघाय लागली की! नवरा माझा, यस्टीचा डायवर, त्येची राख अजून गरम, आन् ह्यो भलत्याच माणसाला श्रद्धांजली वाहतोय! म्हणं, गाडी टायमात!

तुमास्नी सांगते, आमचं मालक आन् टाइम? गाडी स्टँडातनं सुटायची, पण पहिल्याच फाट्यावर कोण तरी हात करणार, "अण्णा, थांबा, म्हातारी चपला घालतीया!" झालं, गाडी उभी! मग म्हातारी येणार, चढणार, तिच्या गुडघ्याची इचारपूस होणार... कंडक्टर घंटी मारून मारून दमला! कुणाच्या पोरीचा पेपर असला की हे दारात हॉर्न वाजवणार, "अगं समीक्षा, आवर, केस गाडीत इंचर!" आन् सोताच्या पोरीचा, आमच्या सोनियाचा साखरपुडा! बाप आला कवा? पाव्हणं जेवून सुपारी चघळाय लागल्यावर! का, तर वाटंत एका बाईला कळा सुरू झाल्या म्हणून भरलेली गाडी दवाखान्याच्या दारात नेली. मी लय भांडले. तर हसत म्हणतोय, "सुले, पोरगी झाली, पेढा खा!" काय बोलायचं ह्या माणसाला? म्हणं, गाडी टायमात!

मग मी उठलेच. दीर म्हणतोय, "वैनी, बसा. हितं बायकांनी बोलायचं नसतं." म्हटलं, "का? तीस वर्सं भाकरी झाकून तुमी बसलावता व्हय?" घेतला माईक. "आमचं मालक रोज लेट हुतं! उशिरापायी सायबाचं मेमो खाल्लं, पण रस्त्यावर उभ्या माणसाला टाकून कवा गेलं न्हाईत. रडायचं असंल तर त्या माणसासाठी रडा!" तवा कुठं लोकं रडली बघा. राजवर्धन बी रडला, टोपी काढून.

आन् खोटं कशाला, मयताच्या दिवशीच बघा की! आष्ट्याच्या दवाखान्यातनं त्यास्नी कुंडलला आणत हुतो, तर हरेक थांब्यावर माणसं हात करून उभी. मयताची गाडी हरेक ठिकाणी थांबली! तासाभराच्या वाटंला तीन तास! शेवटची फेरी, ती बी लेट!

आज सकाळी फोटोला हार घालताना सांगून टाकलं, "जल्मभर मी वाट बघितली, आता तुमी बघा. नातींची लग्नं व्हायची हायत, मला लय कामं हायत. मी काय टायमात येणार न्हाई!"

...थांबतील म्हणा. त्यास्नी दुसरं येतंय काय!