साहेबांचं लोकरी घर

आजी : अहो, ओढू नका! ओढलं की किंचाळतोय तो.

आजोबा : मी कुठे ओढतोय? साहेबच ओढतायत. मी नुसतं घर धरलंय.

आजी : उंदराला साहेब काय म्हणता या वेळी!

आजोबा : उंदीर नव्हे, हॅमस्टर. आणि नाव आपल्या नातीनं ठेवलंय. दिवसभर झोपतो आणि उठला की चावतो. पोरीला ऑफिसात न जाताच कळलं.

आजी : विनोद पुरे. पाय कुठे अडकलाय?

आजोबा : तळाला. तिसऱ्या फेरीत एक टाका सैल राहिला होता ना, त्यात. सकाळी घर पिंजऱ्यात ठेवलं आणि हा आत गरगर फिरला असणार. टाका आवळत गेला.

आजी : सांगितलं होतं मी! उसवा म्हटलं, तर म्हणालात, राहू दे, खिडकी होईल.

आजोबा : जमिनीला खिडकी नसते, हे आत्ता पटलं.

आजी : प्राण्यांचे डॉक्टर?

आजोबा : तासाभरानं येतील म्हणे. पंजा बघ, जांभळा पडलाय. तासभर नाही टिकायचा.

आजी : मग कापा तो टाका!

आजोबा : कात्रीचं टोक त्याच्या पायाहून जाड आहे. आणि हा क्षणभर स्थिर नाही. संध्याकाळी पोरगी याला परत न्यायला येईल. काय सांगू तिला, चारातले तीन पाय शिल्लक आहेत?

आजी : ...उसवा.

आजोबा : काय?

आजी : क्रोशाचं विणकाम आहे हे. शेवटचा टाका सोडला की मागचा सुटतो, तो सुटला की त्याच्या मागचा. छपरापासून उसवत या. तिसऱ्या फेरीला पोचलात की फास आपोआप मोकळा.

आजोबा : अगं, नऊ दिवस विणत होतो मी.

आजी : तुमचे टाके नऊ मिनिटांत जमीनदोस्त होतील, काळजी नको.

आजोबा : बरं. पण उसवायला दोन्ही हात लागणार. तू धर त्याला.

आजी : मी?

आजोबा : इथे तिसरं कोण आहे?

आजी : हा आल्यापासून पंधरा दिवस या खोलीत पाऊल टाकलं नाही मी! लहानपणी अंथरुणात उंदीर शिरला होता माझ्या. अजून काटा येतो अंगावर.

आजोबा : माहीत आहे. म्हणून तर आधी हाक मारली नाही तुला.

आजी : मी घर धरीन. फक्त लोकर. त्याला नाही.

आजोबा : कबूल. फक्त लोकर.

आजी : डोळे मिटतेय मी.

आजोबा : मीट. शेवटची गाठ कापली. छप्पर चाललं.

आजी : हलतोय हो! आत हलतोय!

आजोबा : हलतोय तेच बरं.

आजी : तुम्हाला काय! घर पेटलं तरी तुम्ही आधी एखादा विनोद कराल.

आजोबा : दहावी फेरी. नववी.

आजी : अहो, बोटांना केस लागतायत.

आजोबा : लोकर आहे.

आजी : लोकर एवढी गरम असते?

आजोबा : चांगल्या प्रतीची आणली होती. सहावी. हात काढू नकोस.

आजी : भिंत कुठे गेली? अहो, भिंत उसवलीत तुम्ही! हा तोच आहे माझ्या हातात!

आजोबा : तोच आहे. आता सोडलास तर हिसका देईल आणि पाय जाईल. ऐकतेयस ना?

आजी : हलू नको रे राजा... हलू नको... लवकर करा हो!

आजोबा : चौथी. थांब, लोकर गुंतली.

आजी : थांब कसलं!

आजोबा : त्याच्या नखात अडकली होती. सुटली. तिसरी. हाच तो टाका.

आजी : ओरडत का नाही तो? अहो? गेला का?

आजोबा : थांब, बघतोय.

आजी : काय ते सांगा ना लवकर!

आजोबा : सुटला. पंजा आत ओढून घेतला त्यानं. रंग येतोय परत.

आजी : खरं सांगताय?

आजोबा : खरं. सोड आता.

आजी : बोटं उघडत नाहीत माझी. बधिर झालीयत.

आजोबा : राहू दे. मी सोडवतो एकेक.

(पिंजऱ्याचं दार लागल्याचा आवाज.)

आजी : केवढं धडधडतंय हो याचं. इथे, माझ्या अंगठ्याखाली. किती घाबरलंय बिचारं!

आजोबा : डोळे उघड.

आजी : नको. आधी याला शांत होऊ दे.

आजोबा : अगं, साहेब केव्हाच पिंजऱ्यात बसून दाणे खातायत. तू माझं मनगट धरलंयस.