घाम पुसायचा टॉवेल

डायलिसिसच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी दोघीजणी बसल्या होत्या. एकीचा नवरा वजन करायला आत गेला होता. दुसरी सासऱ्यांना घेऊन आली होती.

“तुमच्या सासऱ्यांच्या हाताला हे काय लावलंत?”

“बधिर करायचं मलम. डॉक्टरांनीच लिहून दिलंय. तासभर आधी लावलं की सुई फारशी कळत नाही.”

“आमच्या ह्यांना लागतच नाही. मुंगी चावल्यासारखं वाटतं म्हणतात.”

“नशीबवान आहेत. आमच्या बाबांच्या बाजूच्या खाटेवर एक मास्तर असतात, ते सुई टोचताना टॉवेल तोंडात कोंबतात. ओरडणं बाहेर बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून.”

“कोण मास्तर?”

“खिडकीजवळचे. निळा टॉवेल असतो बघा.”

“तो टॉवेल मी देते. घाम पुसायला म्हणून मागतात.”

“अगं बाई. तुमचे का ते?”

“त्याला भोकं पडतात हो, ताई. मी घरात उंदरांचा पिंजरा लावला.”

तेवढ्यात मास्तर बाहेर आले.

“झालं वजन. टॉवेल दे गं.”

“नाही देणार. आधी डॉक्टरांकडे चला.”

“का? काय झालं?”

“मलम लिहून घ्यायचंय.”

मास्तरांचा पुढे केलेला हात तसाच राहिला.