तिघांतलं दोन तृतीयांश

नाही नाही, टेबल विकायचंच आहे, हनीफभाई, जाहिरात खरी आहे — फक्त ती मी टाकलेली नाही, बायकोने टाकलीय, एवढंच. बसा हो. पिकअपवाला थांबेल खाली. फुजैराहून आलात म्हणजे केवढा प्रवास — पाणी घ्या आधी. प्रमिला भाजी आणायला गेलीय, येईल. फोनवर तुम्ही रत्नागिरीचे म्हणालात असं प्रमिलाने सांगितलं, मला बरं वाटलं — मराठीत बोलता येईल, मुलगी तर इंग्लिशशिवाय उत्तर देत नाही. टेबल मजबूत आहे. चारशे दिरहम, म्हणजे आपले साडेनऊ हजार — पुण्यात तेवढ्यात नुसत्या खुर्च्या येतील. पण घाई कशाला? ह्या टेबलावर काय काय झालंय ते तरी ऐका.

आमची शुभ्रा बारावीला आहे, अमेरिकन शाळेत. तिला अमेरिकेचं सरकार असा एक विषय आहे. राहायचं अबू धाबीत, पासपोर्ट भारताचा, आणि पाठ काय करायचं — तर तिकडच्या सिनेटमध्ये मेंबर किती. शंभर. मलाही पाठ झालंय आता. तर तिने घरातच सरकार स्थापन केलं. मी प्रेसिडेंट — मी खूश, मोठी पोस्ट आहे. मग कळलं की प्रेसिडेंटने सह्या करायच्या आणि गाडी चालवायची. कायदे करणार काँग्रेस, पैसा कुठे जाणार ते ठरवणार काँग्रेस, आणि काँग्रेस म्हणजे आमची प्रमिला. शुभ्रा स्वतः सुप्रीम कोर्ट. तुला कोणी नेमलं म्हणून विचारलं, तर म्हणे, 'इट्स फॉर लाइफ, बाबा.' म्हणजे तहहयात. असा एकमेकांवर लगाम ठेवतात ते लोक, सगळं कोणा एकाच्या हातात जाऊ नये म्हणून. चांगली पद्धत आहे, माझी काही तक्रार नव्हती. मागच्या महिन्यापर्यंत.

मागच्या महिन्यात प्रमिलाने इथेच बसून ठराव मांडला. कोथरूडच्या एका शाळेने तिला नोकरी देऊ केलीय. लग्नाआधी शिकवायची ती — माझ्यासाठी सोडून आली. तर जूनमध्ये त्या दोघी पुण्याला जाणार, शुभ्रा तिथेच कॉलेजला, आणि मी इथे नोकरी करायची, मुसाफाला कुठेतरी शेअरिंगमध्ये राहायचं — एका खोलीत सहा जण, त्यातला एक बेड माझा. मी व्हेटो केला. प्रेसिडेंटला अधिकार आहे तसा, मी शुभ्राच्या पुस्तकातलं पान दाखवलं. शुभ्रा म्हणाली, बरोबर आहे, पण दोन तृतीयांश मतं विरोधात पडली की व्हेटो उडतो. आता तिघांत दोघी म्हणजे किती? मी मोबाइलवर हिशोब केला. बरोब्बर दोन तृतीयांश. मी हरकत घेतली — सुप्रीम कोर्टाला मत कसलं? तर म्हणते, 'टुडे आय ॲम द सिनेट.' आणि आईच्या बाजूने हात वर. खलास.

मग माझ्या हातात राहिलं काय? फिलिबस्टर. म्हणजे कसं — सिनेटमध्ये एखाद्या मेंबरला ठराव अडवायचा असला की तो उभा राहून बोलत सुटतो. काहीही बोललं तरी चालतं. तो बोलतोय तोवर मतदान नाही, आणि त्याला गप्प करायचं तर शंभरातले साठ लागतात. शुभ्रा म्हणाली, 'बाबा, यू हॅव बीन डूइंग दॅट फॉर इयर्स.' खोटं नाही ते. प्रमिलाने पुण्याचं काढलं की मी सुरू — बोनस होऊ दे, परीक्षा होऊ दे, विमानाचं भाडं उतरू दे — बोलत राहायचं, वर्ष निघून जातं. बरा जमायचा मला तो प्रकार. नाही हो, तुमच्याशी तसं करत नाहीये. म्हणजे — परवा टेबल बघायला आलेला माणूस पिकअपचं भाडं वाढतंय म्हणून उठून गेला, हे खरं. त्याच्या आधीचाही गेला. पण टेबल गेलं की संपलं, हनीफभाई. सोफ्यावर जो तो आपापला मोबाइल घेऊन बसतो. तिघं समोरासमोर बसतो ती जागा घरात एवढी एकच, आणि मला एकट्याला राहायचं नाहीये. हे त्या दोघींना सांगितलेलं नाही मी. व्हेटो केला की कारण कळवावं लागतं, तसा नियमच आहे अमेरिकेत — मी कळवलं, आर्थिक नियोजन.

बरं, तुम्ही टेबल कोणासाठी घेताय?… हो? भाभी उद्या येतायत? आणि मुलं — तीही? किती वर्षांनी?… अकरा. आणि तुम्ही इतकी वर्षं शेअरिंगमध्येच? मग जेवायचात कुठे?… कॉटवर. पेपर पसरून, अंधारात… दिवा का नाही?… हां, बाजूचा नाइट शिफ्टवाला झोपलेला असणार. रोज असंच?

हं.

नको, पैसे माझ्याकडे नको. प्रमिलाला पाठवा, नंबर जाहिरातीत आहे. त्या बाजूने धरा तुम्ही. दारातून आडवं निघणार नाही, उभं करावं लागेल. खुर्च्या चारही न्या — एक ठेवून मी काय करू? नाही, मला आता काही सांगायचं नाहीये. यल्ला, उचला.