बापाच्या छातीची ऊब

अकोल्यातली मे महिन्यातली दुपार. दवाखान्यात औषधांच्या रांगेत माझ्यापुढे दोन बाया बोलत होत्या.

“मैनाबाई, तुमी इथं कावून?”

“नातू झाला, दोन महिने आधीच. दीड किलोचा हाय.”

“बरा हाय ना?”

“काल त्याचे पाय बरफावानी थंडे पडले होते.”

“थंडे? बाहेर तर पंचेचाळीस डिगरी हाय.”

“मीबी तेच म्हनलं. सिस्टरबाई म्हने, आजी, वार्डात एसी हाय, अन् एवढासा जीव, जेवढी ऊब बनवते त्याच्याहून जास्त गमावते. सून ऑपरेशननंतर शुद्धीवर नव्हती. मंग गजेंद्रले सदरा काढाले लावला, अन् पोरगं त्याच्या उघड्या छातीले बांधलं.”

“बापाच्या?”

“हो. सिस्टरबाई म्हने, ऊब गरमाकडून थंड्याकडे जाते, आपसूक उलटी कधीच येत नाही. मले भेव वाटलं. म्हनलं, पोरगं तापन, पन माहा गजेंद्र थंडा पडन.”

“मंग?”

“तिनं थर्मामीटरनं दोघायचंबी मोजलं. पोरगं पस्तीस डिगरीवरून साडेछत्तीसवर आलं, अन् बाप होता तेवढाच. मी इचारलं, मंग ही ऊब आली कुठून?”

“कुठून?”

“म्हने, सकाळी त्यानं जे खाल्लं त्यातून. ज्वारीची भाकर अन् चवळीची भाजी खाल्ली होती, बाई. मी जन्मभर भाकरी थापल्या, मले हे मालूम नव्हतं.”

“आता कुठं हाय गजेंद्र?”

“वरतीच बसून हाय, पोरगं बांधून. आताच त्याले भरवून आली. एका हातानं घास देत होती, अन् दुसऱ्या हातानं पोराचे पाय पाहत होती.”