एकदाच दिलेला वाक

याकूब : म्हंजे तुझं ह्ये नदीचं पाणी मोजायचं खोकं चौथ्या दिवशी गपगार?

राजनंदिनी : गपगार, चाचा. बॅटरीच संपते. आणि घाटात पावसाळ्यात दहा-दहा दिवस ऊन दिसत नाही. सोलरची पाटी असून नसल्यासारखी. तेवढे दिवस बॅटरीनंच काढायला हवेत.

याकूब : मग मोठी बॅटरी लाव की.

राजनंदिनी : हे खोकं पाठीवर नेऊन कड्यावरच्या खांबाला टांगायचंय. मोठी बॅटरी आमच्या साहेबांनी नाकारली. सोमवारी जमवून दाखवलं नाही, तर या पावसाळ्यात एकही खोकं बसणार नाही. नदी किती चढली ते मागच्यासारखंच, दारात पाणी आल्यावर कळणार.

याकूब : महापुरात मला तसंच कळलं. पायाला गार लागलं तवा. एवढी वीज खातंय तरी कोण?

राजनंदिनी : हा नखाएवढा काळा तुकडा. अँप्लिफायर. बारीक आवाज मोठा करून हवेत सोडतो. निवांत चालवला तर निरोप स्वच्छ जातो, पण बरीचशी वीज नुसती तापण्यात जाते. ताणून चालवला तर वीज वाचते, पण निरोप वाकडा होतो. दांडोबाच्या डोंगरावर निरोप ऐकायला विश्वजितला बसवलाय, त्याला दहातले चार ओळखूच येत नाहीत.

याकूब : तुझा भाऊ? त्यो फौजेतनं सुट्टीवर आलाय न्हवं?

राजनंदिनी : सुट्टीच चाललीय त्याची! तुमच्या माळ्यावरनं डोंगर सरळ समोर येतो, म्हणून मी इथं आणि तो तिथं.

याकूब : गळ्याचं बी असंच हाय. लय ताणला की फाटतोय.

राजनंदिनी : पुस्तकात उपाय आहे. निरोप आत सोडतानाच उलट्या बाजूनं वाकडा करायचा. अँप्लिफायर त्याचा वाकडेपणा करणार, दोन्ही मिळून सरळ. पण ते गणित क्षणाक्षणाला करायला मी वेगळी चिप लावलीय, आणि वाचलेली वीज तीच गिळते. तीन आठवडे झाले, डोकं चालेना. चाचा, या बिनतारांच्या सतारीची दांडी वाया गेली वाटतं?

याकूब : कुठली?

राजनंदिनी : तुमच्या मांडीवरची. डोळ्यासमोर धरून बघा, मागं झुकलीय. लाकूड ओलं होतं का?

याकूब : आठ वर्षं हितं सतार शिकलीस आणि माझ्या लाकडाला ओलं म्हणतीस व्हय! अगं, झुकली न्हाई ती. झुकवलीय.

राजनंदिनी : मुद्दाम?

याकूब : मग! अठरा तारा चढल्या की दांडीला पुढं वढत्यात. सरळ केली तर चार महिन्यांत धनुष्य हुईल. म्हणून आदीच मागं.

राजनंदिनी : किती मागं, ते कसं ठरवता?

याकूब : दाबून बघायचं, किती देतंय. ह्याला इतका, त्याला तितका. दोन लाकडं सारखी नसत्यात.

राजनंदिनी : आणि नंतर? नंतर लक्ष कोण ठेवतं?

याकूब : लक्ष कशाला? वाक एकदाच द्यायचा. गिऱ्हाईक घिऊन जातंय. मी काय दांडी धराय त्याच्या मागनं बनारसपतोर जातोय व्हय?

राजनंदिनी : एकदाच...

याकूब : काय झालं गं?

राजनंदिनी : मी तीन आठवडे मागनं बनारसलाच चाललेय, चाचा! तुम्ही तारा चढवा. मला बघायचंय. तोवर मी हे उघडते.

(तासाभराने. सतारीला तारा चढल्या आहेत. राजनंदिनीचा फोन स्पीकरवर आहे.)

याकूब : आता फिरव हात.

राजनंदिनी : सरळ! अगदी सरळ. अंगावर काटा आला बघा. आठ वर्षं असल्याच दांडीवर बोटं फिरवली, कधी कळलं नाही.

याकूब : कळू न्हाई म्हणूनच केल्यालं असतंय. तुझं काय?

राजनंदिनी : ती चिप काढून टाकली. या तुकड्याचा वाकडेपणा एकदा नीट मोजला आणि उलटा वाक आत लिहून ठेवला. बस. दादा, शंभर निरोप सोडतेय. पुरते ताणून.

विश्वजित : सोड बाई, सोड. माझ्यासंगं दोन माकडं बी ड्युटीवर बसल्यात.

राजनंदिनी : गेले. किती आले?

विश्वजित : पुन्यांदा सोड.

राजनंदिनी : का? फार गळाले?

विश्वजित : सोड म्हणतोय न्हवं.

राजनंदिनी : सोडले. बोल की रे!

विश्वजित : शंभर. पयल्यांदा बी शंभरच आलं हुतं, मला खोटं वाटलं. राजू, फौजेत पाठीवर एवढा मोठा सेट घिऊन हिंडलोय मी. इतकं साफ कवा ऐकलं न्हाई. एक बी गळला न्हाई बघ.

राजनंदिनी : चाचा, इकडं या. हा विजेचा आकडा बघा. निम्म्याच्याही खाली आलाय. अकरा दिवस! अकरा दिवस जगेल हे.

याकूब : ह्या एवढ्याशा जिवाची ताकद तरी किती?

राजनंदिनी : लग्नाच्या माळेतला एक बारका दिवा पेटेल, तेवढीच.

याकूब : या अल्ला. तेवढ्यावर पार डोंगरापतोर? जाताना आवाज येतोय त्येचा?

राजनंदिनी : नाही. काहीच नाही.

याकूब : परत सोड एकदा. मी बघत बसतो नुसता.

राजनंदिनी : सोडते. पण खोकी बावीस आहेत, चाचा. मला वाटलेलं, एकाचं माप सगळ्यांना चालेल. आता एकेकाचा वाक बसून मोजावा लागणार.

याकूब : मग? माझ्या दांड्या काय साच्यातनं पडत्यात? माळा मोकळाच हाय, बस की. तिकडं पाणी चढलं की हितं किती येळानं कळंल?

राजनंदिनी : पंधरा मिनिटांत. दिवस असो, रात्र असो.

याकूब : दहा दिवस ऊन पडलं न्हाई तरी?

राजनंदिनी : तरीपण.

याकूब : महापुरापासनं तुझी सलिमाचाची पावसाळ्यात खाटंला पाठ लावत न्हाई. पायात चपला घालून खुर्चीतच डुलक्या घेती. औंदा तिला म्हणतो, आडवी हो.