बुटांची माती

नाही हो ताई, तिथं नका बसू — ती तुमच्या लेकीची खुर्ची, एक पाय लुळा आहे, सवय नसेल तर माणूस पडतं — इथं बसा. पिशवी राहू द्या मांडीवर. बूट आणलेत ना? मग झालं, घाई नाही. चपला बाहेर काढायला लावल्या, राग मानू नका, लॅबमध्ये सगळ्यांनाच काढाव्या लागतात — आमचे डायरेक्टरसुद्धा मोज्यांवर येतात, आणि मोज्याला भोक असतं — बाहेरची धूळ आत आली की कुठली माती कुठली, काही कळत नाही. तिचं सामान त्या खोक्यात भरलंय. ॲप्रन, कप, चार्जर, डबा. डबा मी घासला. म्हणजे मावशींनी घासला, मी सांगितलं.

ती घरी काय सांगायची, इथं काय करते म्हणून? मातीतले किडे बघते? एवढंच? अहो, किडे कसले! किडा म्हणजे हत्ती झाला यांच्यापुढं. आमच्याकडे एक खोड आहे — कुठंही गेलं की चिमूटभर माती नळीत घालून आणायची. लग्नाला जा, सहलीला जा, खिशात नळी पाहिजे. माझ्या पर्समध्ये आत्ताही आहे. वडिलांना पोचवायला गेले होते तेव्हासुद्धा मी — जाऊ द्या. तर ती मैत्रिणींबरोबर त्या डोंगरावर गेली आणि उतारावरची माती घेऊन आली. ताटलीत घातली, वर पाणी, आणि रोज सकाळी येऊन बघायची. आम्ही चिडवायचो, काय गं, अंडी उबवतेस का? आणि एक दिवस ओरडली — मॅडम, हे कोण? काय नाही म्हणाली, कोण म्हणाली. मी डोळा लावला तर अंगभर केस असलेलं काहीतरी, दारू प्यायल्यासारखं झुलत चाललंय. माझे केस पांढरे झाले ताई सूक्ष्मदर्शकात बघून बघून, पण याच्यासारखं मी पाहिलं नव्हतं.

आता, कोण ते कसं ठरवायचं? तोंडावरून नाही ठरत. त्याच्या आतली जनुकं वाचायची आणि बाकीच्यांच्या जनुकांशी ताडून बघायची, म्हणजे नातं कळतं. आणि जनुकं वाचायची तर त्याला फोडावं लागतं. मारावंच लागतं, दुसरा उपाय नाही. तिनं केसासारख्या बारीक काचेच्या नळीनं एकेक उचललं, श्वास रोखून, आणि पहिलं फोडलं तेव्हा रडली. मी हसले. अहो, हसणारच ना, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवासाठी कुणी रडतं का? — ते भिंतीवरचं चित्र दिसतंय? सगळ्या सजीवांची वंशावळ आहे. ही टोकाला माणसं, आणि बघा, शेजारीच कोण — बुरशी. पावावर येते ती. आपली चुलत लागते. झाडं तर फारच लांबची, लग्नाला बोलावलं नाही तरी चालेल अशी. आणि तिचं ते केसाळ कोण निघालं? कुणाचं कुणीच नाही! ना सख्खं, ना चुलत, ना मावस. ती लाल पेन्सिलची रेघ दिसतेय, अगदी खालून, बुंध्याजवळून निघालेली? तिनं काढलीय. तिथं बसवायला बाकीच्या फांद्या सरकवाव्या लागल्या. मी आयुष्यभर शिकवलेलं चित्र ते. नाव तिनंच ठेवलं — पोरकी.

पण बाकीचे शास्त्रज्ञ म्हणाले, आम्हाला नाही पटत. बाहेरची धूळ पडली असेल तुमच्या नळीत, पुन्हा करून दाखवा, जिवंत दाखवा. आणि ताटलीत तर पोरक्या कमी होत चाललेल्या. काय खातात तेच कळेना. ती काहीबाही थेंबाथेंबानं भरवायची, अंदाजानं, तान्ह्या बाळाला भरवावं तसं. मग आणखी माती आणायला गेली. आपणहून गेली. ऑफिसनं तुम्हाला तसंच सांगितलं ना? बरोबर आहे, आपणहूनच — म्हणजे तिनं विचारलं मला. म्हणाली, मॅडम, खाली रस्ता रुंद करतायत, सुरुंगाची पाटी लावलीय, वर जाऊ देत नाहीत. मी म्हणाले, मग लवकर जा, नाहीतर माती राहायची नाही. — त्यात काय चुकलं? राहिली का माती? त्याच दिवशी सगळा उतार खाली आला. आता दगड आणि दगड. मी जाऊन आले ना, परवानगी काढून, वरचा थर कुठं शोधणार त्यात — पाणी घेता का? नको? बरं.

आणि आम्ही सगळे तुमच्याकडे आलो होतो, त्या दिवसांत. सगळेच. इथं कुणी नव्हतं भरवायला. परत आलो तर ताटलीत काही हलत नव्हतं. मला तुमच्या घरी बसवत नव्हतं ताई, खरं सांगते — लोक रडत होते आणि माझ्या डोक्यात ताटली. मला वाईट म्हणा. पण तीही हेच म्हणाली असती.

म्हणून फोन केला तुम्हाला. हॉस्पिटलनं तिचे कपडे, बूट तुमच्याकडे दिले म्हणून कळलं. बुटाच्या तळव्याला खाचा असतात बघा, त्यांत तिथलीच माती बसलेली असणार. वाळली असली तरी चालेल, हे जीव कवच करून झोपून राहतात, वर पाणी पडलं की उठतात. नखभर माती पुरे मला. नाहीतर ती लाल रेघ खोडावी लागेल, तिची सगळी मेहनत धूळ पडली म्हणून जाईल. आणि मिळाली तर पोरकी हे नाव काढून टाकीन — तुमच्या मुलीचं नाव देईन. जगभर पुस्तकांत छापतील. द्या इकडे, मी हातमोजे घातलेत, द्या —

हे काय?

हे — तिचेच बूट ना? दुसरे नाही आणलेत? ... धुतलेत. ब्रशनं. पॉलिशपण केलंय... नाडी नवी घातलीत.

मी फोनवर काय म्हणाले होते? बूट इथं असायला हवेत, आमच्यासाठी फार मोलाचे आहेत — हो, असंच म्हणाले. तुम्हाला वाटलं, काचेच्या कपाटात ठेवणार आम्ही. तिचा फोटो लावून. घाणेरडे कसे द्यायचे... हो. बरोबर. आईला असंच वाटणार.

थांबा, टाचणी कुठं आहे, एखाद्या खाचेत तरी — नाही. इथंही नाही. फार नीट धुतलेत ताई. ते पाणी कुठं ओतलंत? बादलीतलं, बूट धुतले ते पाणी? मोरीत. मोरीतच ओतणार, दुसरं कुठं ओतणार.

अहो, उठता कशाला? मी काही बोलले का तुम्हाला? बसा ना, ठेवू या की कपाटात, त्यात काय — बरं, न्या. न्या तुम्ही बूट. पण अशा बघू नका माझ्याकडे. लवकर जा म्हणाले मी, मर नव्हते म्हणाले.

खोकं राहिलं. ताई, डबा —

राहू दे. दार तेवढं ओढून घ्या जाताना. धूळ येते आत.