पलीकडचं बोलणं

—हो गं बाय, येते म्हटलं ना, मी कुठं नाय बोलते? रिक्षावाल्याला सांग थांबायला, बेलपाड्याला तुझ्या सासरी जायचं आणि परत यायचं, त्याचंपण भाडं होतंय, थांबेल तो. साडी तेवढी बदलते. ही चालेल? — ही नको, ही तुझ्या लग्नातली हाय, तुझी सासू बोलेल म्हातारी माफी मागायला आली का मिरवायला. ती निळी काढते, साधी. तू बस ना मनस्वी. अशी दारात काय उभी हायस, आजीच्या घरी कोण दारात उभं राहतं? चप्पल काढ, पाणी घे. — नको? बरं. कोकम सरबत करू? — तेपण नको. मी आपली विचारते.

म्हणजे तिथं काय सांगायचं ते एकदा घोकून घेते, जाऊन भलतंच नको. तुझ्या सासूला सांगायचं, रेवाताई, चूक झाली. मी म्हातारी बाई, मला जुनी खोड हाय, फोनवर पलीकडचा जे बोलतो ते मी मोठ्यानं परत बोलते. रेडिओवर काम केलं त्याची सवय. मनस्वीनं विश्वासानं सांगितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, चार बायांनी ऐकलं. माझ्या मनात वाईट काय नव्हतं. — एवढंच ना? — हां. आणि त्या बोलल्या ना, म्हातारीनं स्वतः येऊन सांगावं म्हणजे विषय संपला? मग तुझा निकेश खोलीतून बाहेर येईल, जेवेल, तुझ्याशी बोलेल? चांगली हाय गं तुझी सासू. दुसरी असती तर नव्या सुनेची बॅग भरून इकडं टाकली असती. तूपण चांगली. काल फोनवर तू बोललीस, जाऊ दे आजी, सवय हाय तुझी, मुद्दाम थोडंच केलंस — फोन ठेवून मी जेवणाचं ताट तसंच झाकलं बघ. म्हणजे बरं वाटलं. बरंच वाटणार ना माणसाला?

आणि खोटं थोडंच हाय? सवय हायच. तुला शंभरदा सांगितलंय, पण रेवाताई विचारतील म्हणून परत सांगते. दुपारी रेडिओवर बायकांचा कार्यक्रम लागायचा, त्यात माझी अनसूया यायची. अनसूया म्हणजे नुसती फोनवर बोलणारी बाई. कधी बहिणीशी, कधी दुधवाल्याशी, कधी राँग नंबर लागला तर त्याच्याशीच अर्धा तास. दुसरं कोणी नाय, मी एकटी. आणि फोन कसला, टेबलावर एक डबडं, वायर तुटलेली! घरी आमच्या फोन नव्हता, मिठागरावरची पोर मी, रिसीव्हर उलटा धरला होता पयल्या दिवशी. कुंदनताई आमचा कार्यक्रम बसवून घ्यायच्या, त्यांनी शिकवलं सगळं. त्या बोलायच्या, गुणाबाई, ऐकणाऱ्याला पलीकडचा ऐकू येत नाय, तो काय बोलला ते तुमच्या तोंडून कळलं पाहिजे. म्हणून परत बोलायचं — काय? मांजर दूध प्याली? — असं. आणि मधे थांबायचं. जास्त थांबलं तर लोकांना वाटतं रेडिओ बिघडला, कमी थांबलं तर वाटतं बाई थापा मारते. पलीकडचं वाक्य मनातल्या मनात पुरं बोलायचं, मग आपलं तोंड उघडायचं. माझं थांबणंच ऐकून लोक हसायचे गं! बाजारात आले की मासेवाल्या बोलायच्या, अनसूया आली, कुणाचा फोन? — हो हो, बदलते साडी. पिन कुठं ठेवली ती बघते.

त्या दिवशीपण तेच झालं. घरात रेंज येत नाय, तुला माहीत हाय, म्हणून फोन घेऊन मी बाहेर गॅलरीत आले. जिन्यापाशी शेजारची सखूबाई आणि त्या तिघी वाल सोलत बसलेल्या, मधे परात. तू रडत होतीस, हळू बोलत होतीस, मला एका कानानं कमी येतं, म्हणून मी आपली— तू बोललीस, आजी, निकेश आमच्या खोलीत झोपत नाय. मी बोलले, काय? खोलीत झोपत नाय? मग झोपतो कुठं? आणि थांबले. तू बोललीस, आईच्या खोलीबाहेर, दारात. मी बोलले, आईच्या दारात? उशी घेऊन? तू बोललीस, हो. मी बोलले, उशी तरी स्वतःची नेतो का तुझी पळवतो? — असं सवयीनं निघून गेलं. बस. परत बोलायची सवय, तिचंच हे.

काय झालं? अशी काय बघतेस? — उशीचं? हां. उशीचं तू नव्हतीस बोलली. उशीचं मी विचारलं. सहज विचारलं गं. माणूस झोपायला जातो तर उशी नेणारच, त्यात काय एवढं? — पिन सापडत नाय. इथंच होती.

लोक कसे असतात बघ, नाय? सखूबाईची भाची बेलपाड्यात दिलेली, संध्याकाळपर्यंत गोष्ट तिकडं. आणि तिथल्या पोरट्यांनी काय करावं, निकेशच्या बाईकच्या सीटवर उशी बांधून ठेवावी, आणि तो सकाळी कामाला निघाला तर नाक्यावर सगळ्यांनी शिट्ट्या मारायच्या! बापाविना पोर ते. तेव्हापासून खोलीत बसलाय. तू सांगितलंस तेव्हा मी बोलले, कसली नीच माणसं. बोलले की नाय? — उशी बांधली. मनस्वी, ती उशी तुझ्या बोलण्यात नव्हती. निकेशच्या गोष्टीत नव्हती. ती मी घातली. वाक्य पडत होतं ना, नुसतं आईच्या दारात बोलून हसू येत नाय, काहीतरी हातात धरायला वस्तू लागते, तेव्हा अनसूयेच्या हातात काहीतरी द्यावंच लागायचं —

थांब, थांब. हसू येत नाय म्हणजे मी मुद्दाम हसवत नव्हते. चार बाया बसल्या होत्या एवढंच. सखूबाईच्या हातातला वाल हातातच राहिला, तेवढं मला दिसलं. माणसाला दिसतं. मला कळलं की त्या ऐकतायत, मी पाठ फिरवायला पाहिजे होती. फिरले मी. फिरले, पण— भिंतीकडं होते ती त्यांच्याकडं फिरले.

आता सांगते तर सगळंच सांगते, बस तू, नाय तर उभी राहा, पण ऐक. त्या हसल्या तेव्हा तू फोनवर विचारलंस, कोण हसतंय आजी? आणि मी बोलले, टीव्ही चालू हाय. आठवतंय? टीव्ही नव्हता चालू. दुपारी मी कधी लावतच नाय टीव्ही. किती वर्षं झाली गं, माझ्या थांबण्यावर कोणी हसलं नव्हतं. इथं आल्यापासून मी सी विंगची म्हातारी, लिफ्टमधे पोरं बटण दाबून देतात तेवढीच काय ती ओळख. आणि त्या दिवशी चार बाया तोंडाला पदर लावून हसतायत आणि मला वाटलं, हां, जमतंय अजून. तू तिकडं रडतेस, आणि मला वाटलं जमतंय. लाज वाटते मला. जीभ हासडून टाकावी असं वाटतं.

आणि सवय, सवय! सवय असती तर मी सगळंच परत बोलले असते ना? तू पुढं काय सांगितलंस? सांगितलंस की त्याचे वडील झोपेतच गेले. निकेश उशिरा घरी आला, बाबांच्या खोलीतला दिवा चालू दिसला, त्याला वाटलं झोपलेत, दिवा बंद केला आणि जाऊन झोपला. सकाळी कळलं. तेव्हापासून त्याला आईचा श्वास ऐकू आल्याशिवाय डोळा लागत नाय. तो तुला बोलला, मनस्वी, थोडे दिवस दे मला. आणि तू मला विचारलंस, आजी, मीपण तिथं त्याच्या बाजूला चादर टाकून झोपू का, त्याला आवडेल का? — हे मी परत बोलले? एक शब्द नाय बोलले. हं, हं, एवढंच केलं. रेडिओवर तसंच करतात. हसू येईल तेवढं उचलायचं, बाकीचं हं-हं करून गिळायचं, नाय तर रंग जातो. हेच जर मी मोठ्यानं बोलले असते तर सखूबाई रडली असती गं, तिचा नवरापण तसाच गेलाय. बेलपाड्याला हेच गेलं असतं. कोणी उशी बांधली नसती. लोकांनी पोराला घरी जेवायला बोलावलं असतं. मला दोन्ही अर्धी माहीत होती, आणि मी निवडलं. त्याला सवय नाय म्हणत.

—आता तू बोल. बोल ना काहीतरी. तुझी आई गेली तेव्हापासून तू सगळं मलाच सांगत आलीस, आताही मलाच सांगितलंस, तुला दुसरं कोण होतं? — मी येते, मनस्वी. निळी साडी नेसते आणि येते. तू बोलशील ते सांगते. सवय सांग बोललीस तर सवय सांगते, तोंडातून हूं का चूं काढणार नाय दुसरं. नाय तर निकेशच्या दाराशी जाऊन खरं ते सांगते, त्यानं दार नाय उघडलं तरी चालेल. तू सांग. पर्स का उचललीस? मी तयार हाय ना. ही बघ, सापडली पिन.

काय? —

— हं.

— हं.

— — हं. बरं.

जा तू. जिन्यात लाईट नाय, कठड्याला धरून उतर. — नाय, मी नाय येत खाली.

— कोण? सखूबाई? — हो, मनस्वीच होती. — गेली. — नाय, मी नाय जात बेलपाड्याला. — काय बोलली? — — ते नाय सांगणार मी. बाजूला व्हा सखूबाई, मला दार लावायचंय.